नर्सेसची स्वतंत्र युनियन: ती का निघाली, कशावर टिकली आणि कुठे ढिली पडली

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका जुन्या ट्रस्ट हॉस्पिटलात नर्सेसनी सगळ्या कामगारांच्या मोठ्या युनियनमधून बाहेर पडून आपली वेगळी युनियन काढली. बरीच वर्षं ती जोरात चालली, आता लेटरहेडपुरती उरली आहे. नव्याने लागलेल्या मुली विचारतात की वेगळी युनियन काढायची गरज काय होती, कुठल्याही पक्षाच्या आधाराशिवाय ती चालली कशी आणि आता पुन्हा उभी राहील का. मी स्टाफ नर्स म्हणून खासगी हॉस्पिटलात लागले, सिस्टर इनचार्ज म्हणून निवृत्त झाले आणि मधला बराच काळ आमच्या युनियनची सरचिटणीस होते. आता इतर हॉस्पिटलांतल्या मुलींना करार आणि लेबर ऑफिसच्या कामात मदत करते. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

भारतात नर्सेसची संघटना नव्हती असं नाही. टीएनएआय, म्हणजे ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया, १९०८ पासून आहे. शिक्षणाचा दर्जा, नोंदणी, परिषदा, मासिक ही कामं तिने केली आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्या व्यासपीठावर स्टाफ नर्स आणि मेट्रन एकाच रांगेत बसतात. जी मेट्रन ड्यूटी लावते, रजा मंजूर करते आणि गोपनीय अहवाल लिहिते, तिच्यासमोर उभं राहून "माझ्या नाइट सलग का लावल्या?" असं विचारणारी नर्स मी क्वचितच पाहिली. व्यावसायिक संघटना आणि युनियन यांच्यातली ही गाठ जगभर सगळीकडे पडली आहे. अमेरिकन नर्सेस असोसिएशनने १९५० मध्ये संप न करण्याचं धोरण घेतलं आणि १९६८ मध्ये ते सोडलं. ब्रिटनचं रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग १९१६ चं. त्यांच्या नियमांतली संपबंदी १९९५ मध्ये निघाली आणि प्रत्यक्षातला पहिला संप उत्तर आयर्लंडमध्ये डिसेंबर २०१९ मध्ये झाला. कॅलिफोर्नियाच्या नर्सेस १९९५ मध्ये मूळ राष्ट्रीय संघटनेपासून वेगळ्या झाल्या. मग त्यांनी एकच विषय लावून धरला: एका नर्सकडे किती पेशंट? १९९९ मध्ये तिथे कायदा झाला आणि २००४ पासून तो हॉस्पिटलांना लागू झाला. वेगळं होण्याचा फायदा कुठे होतो हे बघायचं असेल तर मी हेच उदाहरण देते. पगाराची मागणी कुठलीही युनियन करते, पेशंटच्या संख्येची मागणी नर्सेसनाच करावी लागते.

आपल्याकडे आणखी एक अडसर होता, कायद्याचा. हॉस्पिटल हा 'उद्योग' आहे का? नसेल तर तेव्हाचा औद्योगिक विवाद कायदा लागू होत नव्हता आणि मग मॅनेजमेंटला बोलणीच्या टेबलावर आणायला काही आधारच उरत नव्हता. या प्रश्नाचा पहिला मोठा निकाल मुंबईतूनच निघाला. जे. जे. समूहातल्या रुग्णालयांमधल्या वॉर्ड सर्व्हंट्सना कामावरून कमी केलं होतं, हॉस्पिटल मजदूर सभा कोर्टात गेली आणि १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हॉस्पिटल हा उद्योग आहे असं ठरवलं. निकाल न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी लिहिला होता. १९७० मध्ये सफदरजंग हॉस्पिटलच्या खटल्यात तो फिरवला गेला. १९७८ मध्ये बंगलोर वॉटर सप्लायच्या खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठाने पुन्हा हॉस्पिटलं उद्योगाच्या व्याख्येत आणली. तुमच्या जुन्या सिस्टर्स ज्या काळाबद्दल बोलतात तो बहुधा या निकालानंतरचा आहे. आपण आज ज्या हक्कांवर उभ्या आहोत त्यांची सुरुवात वॉर्डातल्या सर्वांत कमी पगाराच्या माणसांच्या लढ्यातून झाली, हे मी प्रत्येक नव्या मुलीला सांगते. त्याचं कारण पुढे येईल.

मुंबई-पुण्यातल्या बहुतेक खासगी आणि ट्रस्ट हॉस्पिटलांत पहिली युनियन वॉर्डबॉय, मावश्या, किचन, लॉन्ड्री आणि सफाई कामगारांनी उभी केली. नर्सेस त्यात नंतर शिरल्या, अर्ध्या मनाने. त्या काळात युनियन म्हणजे बाहेरचा नेता. डॉ. दत्ता सामंतांच्या उमेदीच्या काळात तर कामगार झेंडा बदलून एका नावामागे जात होते. अशा नेत्याकडे ताकद असायची आणि पगारवाढ मोठी मिळायची. पण बोलणी त्याच्या ऑफिसात व्हायची आणि करारात काय लिहिलं ते आम्हाला गेट मीटिंगमध्ये कळायचं. १९८२ चा गिरणी संप सगळ्यांच्या डोळ्यांसमोर फसला, तेव्हा अनेक कंपन्यांतल्या कामगारांनी आतल्या माणसांनी चालवलेल्या एम्प्लॉइज युनियन काढल्या. हॉस्पिटलांतही तो वारा आला.

नर्सेसचं गाऱ्हाणं अगदी साधं होतं. मागणीपत्रात टक्केवारी असायची, बोनस असायचा, गणवेश आणि धुलाई भत्ता असायचा. बाँड, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायची अट, नसायचा, डबल ड्यूटी नसायची, रात्री एका नर्सवर किती पेशंट हे नसायचं. नाइटला येताना-जाताना गाडीची सोय नसायची. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्या मुलींचा, विशेषतः केरळातून आलेल्यांचा, विषय कुणाच्याच डोक्यात नसायचा. त्यांची मूळ सर्टिफिकेटं ऑफिसच्या कपाटात आणि गेट मीटिंगमधली भाषणं त्यांना न समजणाऱ्या भाषेत. नर्सेस संख्येने कमी, म्हणून कमिटीत एखादीच, आणि तीही बहुतेक वेळा मीटिंगच्या वेळी ड्यूटीवर. मीटिंग संध्याकाळी पाचला ठेवली तर दुपारपाळीची आणि रात्रपाळीची नर्स कशी येणार?

एवढं झाल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. आपण बाहेर पडलो त्यात "आम्ही शिकलेल्या, आम्ही यांच्यात कशाला" हा भावही होता. तो मी माझ्या कानांनी ऐकला आहे आणि तो मला तेव्हाही पटला नाही. मावशी नसेल तर वॉर्ड अर्ध्या तासात कोलमडतो. मॅनेजमेंटला हा भाव लगेच ओळखता येतो आणि एका युनियनला चहा पाजून दुसरीला ताटकळत ठेवण्याचा खेळ सुरू होतो. ज्या हॉस्पिटलांत नर्सेसची वेगळी युनियन टिकली तिथे तिने जुन्या युनियनशी बोलणं कधी तोडलं नाही. वेगळं मागणीपत्र, पण संयुक्त कृती समिती, आणि करारावर सह्या एकाच दिवशी.

याला एक कायदेशीर कारणही आहे, ते कळल्याशिवाय तुमच्या युनियनचा इतिहास उलगडणार नाही. ट्रेड युनियन कायद्याखाली नोंदणी मिळवणं फार अवघड नव्हतं. १९२६ च्या मूळ कायद्यात सात जणांचा अर्ज पुरे होता, पुढे २००१ च्या दुरुस्तीने दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांपैकी जे कमी असेल ते, अशी अट आली. पण नोंदणी वेगळी आणि मान्यता, म्हणजे मॅनेजमेंटशी करार करण्याचा हक्क, वेगळी. महाराष्ट्रात मान्यता मिळत आली ती १९७१ च्या कायद्याने, ज्याला आपण सगळे एमआरटीयू म्हणतो. त्यात एका आस्थापनेत एकच मान्यताप्राप्त युनियन. अर्जाच्या आधीचे सलग सहा महिने किमान तीस टक्के सभासदत्व दाखवावं लागतं, आणि आधीच कुणाला मान्यता असेल तर त्यांच्यापेक्षा जास्त सभासद दाखवून ती काढून घ्यावी लागते. मान्यताप्राप्त युनियन असताना औद्योगिक विवादाच्या कामात कामगारांच्या वतीने तीच उभी राहते. बडतर्फीसारखी वैयक्तिक प्रकरणं तेवढी सुटतात. म्हणजे नर्सेस सगळ्या कामगारांच्या पस्तीस टक्के असल्या आणि मान्यता जुन्या युनियनकडे असली, तर सगळ्या नर्सेस एकत्र येऊनही करारावर सही करण्याचा हक्क हाती येत नाही. कित्येक स्वतंत्र युनियन याच खडकावर आपटल्या. ज्या तरल्या त्यांतल्या काहींनी टेक्निशियन, फार्मासिस्ट, फिजिओ यांना बरोबर घेऊन संख्या वाढवली आणि काहींनी जुन्या युनियनशी समझोता केला. तुमच्या जुन्या फायलींत सर्वांत आधी हे शोधा: मान्यतेचा अर्ज केला होता का, आणि निकाल काय लागला.

आता ती चालली कशावर. माझ्या मते पावतीपुस्तकावर.

एमआरटीयूखाली मान्यता हवी तर कायदाच काही गोष्टी बंधनकारक करतो. वर्गणी महिन्याला किमान पन्नास पैसे, कार्यकारिणीची सभा निदान दर तीन महिन्यांनी आणि सगळे ठराव मिनिट बुकात. तपासणीला औद्योगिक न्यायालयाचा तपास अधिकारी येतो तेव्हा तो भाषणं ऐकत नाही. सभासद रजिस्टर, पावत्यांच्या स्थळप्रती आणि बँकेचं पासबुक समोर ठेवायला सांगतो. पावतीवर तारीख नाही, सही जुळत नाही, एकाच शाईने एका बसणीत महिनाभराच्या पावत्या फाडलेल्या दिसतात, अशी नावं समोरची युनियन एकेक करून उडवते.

आमच्याकडे प्रत्येक मजल्यावर एक प्रतिनिधी होती आणि तिच्याकडे एक पुस्तक. पगार झाला की चेंजिंग रूममध्ये, ओव्हर (पुढच्या पाळीकडे पेशंट सोपवणं) द्यायच्या आधीच्या त्या दहा मिनिटांत, ती वर्गणी घ्यायची. रक्कम चहाच्या पैशांइतकी. पण ती घेताना समोरची बोलायची. कुणाची रजा नाकारली, कुणाला तापात डबल करायला लावली, कुठल्या डॉक्टरने पेशंटसमोर अपमान केला, कुणाच्या बाँडचे पैसे कापले. प्रतिनिधी ते पावतीच्या मागे पेन्सिलने टिपायची. आमचं मागणीपत्र त्या पेन्सिलच्या टिपणांतून तयार झालं. पुढे मॅनेजमेंटने स्वतःहून सुचवलं की वर्गणी पगारातूनच कापून देतो, तुम्हाला त्रास नको. सोय झाली, पैसे वेळेवर खात्यात यायला लागले आणि चेंजिंग रूममधलं बोलणं थांबलं. मी ज्या हॉस्पिटलांत मदतीला जाते तिथे युनियन थंड पडल्याची तक्रार आली की पहिला प्रश्न हाच विचारते: वर्गणी हातात घेता की पगारातून कापली जाते? पगारातून कापायला माझा सरसकट विरोध नाही, पण मग महिन्यातून एकदा प्रत्येक सभासदाला समोरासमोर भेटायची दुसरी रीत हवीच.

पक्षाचा आधार नसणं म्हणजे नेमकं काय, याबद्दलही गैरसमज असतो. नर्सेस वेगवेगळ्या पक्षांना मत देणारच, कार्यकारिणीतल्याही देतात. प्रश्न पैशाचा आणि सहीचा आहे. वकिलाची फी सभासदांच्या वर्गणीतून जाते का? करारावर सही करणारी व्यक्ती वॉर्डात काम करते का? सही करण्याआधी मसुदा सगळ्या पाळ्यांना वाचून दाखवला जातो का? या तीन प्रश्नांना होकार असेल तर बाहेरचा सल्लागार असूनही युनियन स्वतंत्रच असते. आमचा सल्लागार एक जुना कामगार वकील होता, तो बोलणीत आमच्या मागच्या खुर्चीवर बसायचा.

संपाबद्दल विस्ताराने लिहिते, कारण नव्या मुली तिथेच अडखळतात. "पेशंटला सोडून कसं जायचं?" हा प्रश्न ज्या नर्सच्या मनात येत नाही तिने युनियन चालवू नये असं माझं ठाम मत आहे. आणि हाच प्रश्न मॅनेजमेंट ढालीसारखा वापरते, हेही तितकंच खरं. याचं उत्तर आम्ही कागदावर तयार करून ठेवलं होतं. एमआरटीयूखाली संपाआधी चौदा दिवसांची नोटीस लागते आणि मान्यताप्राप्त युनियनला सभासदांचं मतदान घेऊन बहुमतही दाखवावं लागतं. ते चौदा दिवस आम्ही इमर्जन्सी यादी करण्यात घालवायचो. आयसीयू, एनआयसीयू (नवजात बाळांचा आयसीयू), कॅज्युअल्टी, लेबर रूम आणि डायलिसिसला पूर्ण स्टाफ. ऑपरेशन थिएटरला फक्त तातडीच्या केसेसपुरता. जनरल वॉर्डात पाळीला ठरलेल्या नर्सेस. यादीवर नावं, पाळी, फोन. तिची एक प्रत मेट्रनला, एक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात, एक पोलीस ठाण्यात. नियोजित ऑपरेशन्स पुढे ढकला आणि नवे नियोजित पेशंट दाखल करणं थांबवा, असं पत्र नोटिशीबरोबरच द्यायचो. पेशंट दाखल करणं थांबवणं हॉस्पिटलच्या हातात असतं. नोटीस मिळूनही त्यांनी खाटा भरत ठेवल्या तर ती जबाबदारी कुणाची, हे कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्यासमोर त्या पत्रानेच ठरतं.

संपाच्या सकाळी काय होतं तेही सांगते. नाइटच्या नर्सने नुसतं निघून जायचं नाही. प्रत्येक पेशंटची ओव्हर द्यायची: चालू सलाइन, इन्सुलिनची वेळ, रक्त लावलं आहे का, कुणाचा ड्रेन किती भरला. मग नार्कोटिकचं कपाट. मॉर्फीन, पेथिडिन, फेन्टानिलच्या अँप्युल्स मोजायच्या, वापरलेल्यांच्या रिकाम्या अँप्युल्स जुळवायच्या, रजिस्टरवर दोघींच्या सह्या घ्यायच्या आणि चावी हातात द्यायची. घेणारी इमर्जन्सी यादीतली नर्स असेल तर तिच्या, नाहीतर सुपरवायझरच्या. ही सही झाल्याशिवाय कुणीही वॉर्ड सोडायचा नाही, हा आमचा लेखी नियम होता. पुढे चौकशीत एका नर्सवर औषधं गहाळ केल्याचा आरोप आला तेव्हा त्या रजिस्टरच्या पानाने तिला वाचवलं. संपात मोठ्या घोषणा देणाऱ्या खूप असतात, रजिस्टर सांभाळणारी एक तरी हवी.

खासगी हॉस्पिटलांतल्या नर्सेसच्या अलीकडच्या इतिहासात सर्वांत मोठं पान केरळचं आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयातल्या मल्याळी नर्सने आत्महत्या केली. बाँड आणि अडवून ठेवलेली सर्टिफिकेटं हा विषय त्यामुळे देशभर गेला. पुढच्याच महिन्यात त्रिशूरला युनायटेड नर्सेस असोसिएशन निघाली. नाव असोसिएशन, काम युनियनचं, आणि कुठल्याही पक्षाच्या कामगार संघटनेला न जोडलेली, तेही केरळसारख्या राज्यात. २०१२ मध्ये कोतमंगलमच्या एका हॉस्पिटलातला संप शंभराहून जास्त दिवस लांबला. शेवटी तीन नर्सेस इमारतीच्या गच्चीवर चढल्या आणि विरोधी पक्षनेते अच्युतानंदन मध्ये पडल्यावर तोडगा निघाला. संघर्षाची ती तऱ्हा मी कुणालाही सुचवणार नाही. पण तिथवर पोचेपर्यंत बोलणारं कुणी भेटलं नाही, याचा दोष त्या मुलींना कसा द्यायचा?

याच काळात खासगी रुग्णालयांतल्या नर्सेसच्या पगाराबद्दलची टीएनएआयची याचिका सर्वोच्च न्यायालयात होती. जानेवारी २०१६ मध्ये न्यायालयाने केंद्राला समिती नेमायला सांगितलं. समितीने शिफारस केली की दोनशेहून जास्त खाटांच्या खासगी रुग्णालयात राज्य सरकारी नर्सच्या बरोबरीचा पगार द्यावा, शंभर ते दोनशे खाटांना त्याहून फार तर दहा टक्के कमी, पन्नास ते शंभरला फार तर पंचवीस टक्के कमी, आणि पन्नासच्या आतल्या ठिकाणीही २०,००० रुपयांच्या खाली नको. शिफारस सगळ्या राज्यांसाठी सारखीच होती. केरळात २०१७ च्या संपानंतर आणि पुन्हा संपाची नोटीस दिल्यावर एप्रिल २०१८ मध्ये किमान वेतनाची अधिसूचना निघाली, मूळ पगार २०,००० रुपयांपासून. व्यावसायिक संघटनेने कागद मिळवून दिला आणि त्याचा पगार युनियनने करून घेतला. दोन्ही लागतात, म्हणून टीएनएआयचं सभासदत्व सोडा असं मी कुणालाही म्हणत नाही.

तुमची युनियन ढिली पडण्याची कारणं मी लांबून सांगू नयेत, पण जी नेहमी दिसतात ती अशी. कायम नर्सेसची भरती थांबते आणि ट्रेनी, कंत्राटी, अकरा महिन्यांच्या नेमणुका सुरू होतात; युनियनच्या घटनेत 'कायम कर्मचारी' असा शब्द असल्याने या मुलींना सभासदच करता येत नाही. करारातली वाढ जुन्या कायम नर्सेसपुरती राहते आणि नव्यांना युनियन ही सीनियर सिस्टर्सची भिशी वाटते. काही ठिकाणी सरसकट 'सुपरवायझर', 'ऑफिसर' अशी पदनामं देऊन या कामगारच नाहीत असा युक्तिवाद होतो. पदनामाला घाबरू नका, कोर्ट मुख्य काम काय ते बघतं. इंजेक्शन देणारी, ड्रेसिंग करणारी, वॉर्डात उभी असणारी नर्स नावापुढे काहीही लावलं तरी त्या कामावरून ओळखली जाते. फक्त तिने ड्यूटी चार्टच्या प्रती जपून ठेवल्या पाहिजेत.

पुन्हा उभी करायची तर आधी घटना दुरुस्त करा आणि कंत्राटी, ट्रेनी सगळ्यांना दार उघडा. विषय एकच निवडा, तोही पेशंटच्या संख्येचा. इंडियन नर्सिंग कौन्सिलचे निकष हाताशी आहेत: शिकवणाऱ्या रुग्णालयात जनरल वॉर्डला तीन पेशंटमागे एक, इतर रुग्णालयात पाचामागे एक, आणि वर रजेवरच्यांच्या जागी राखीव म्हणून तीस टक्के. तुमच्या नाइटचे प्रत्यक्ष आकडे महिनाभर एका वहीत उतरवा आणि हे निकष शेजारी लिहा. या मागणीवर नातेवाईकही तुमच्या बाजूने उभे राहतात, हा माझा अनुभव आहे.

कायद्याची जमीन मात्र हलली आहे. नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राची औद्योगिक संबंध संहिता अमलात आली. त्यात वाटाघाटीच्या एकमेव युनियनसाठी एक्कावन्न टक्क्यांची अट आहे, आणि संपाआधी चौदा दिवसांची नोटीस आता सगळ्याच उद्योगांना लागते. तुमच्यासाठी सर्वांत नाजूक मुद्दा उद्योगाच्या व्याख्येचा. पूर्णतः किंवा मुख्यतः धर्मादाय, सामाजिक सेवा करणाऱ्या संस्थांच्या आस्थापना तिच्यातून वगळल्या आहेत. ट्रस्ट हॉस्पिटलची मॅनेजमेंट हे वाक्य पुढे करणारच. तेव्हा हॉस्पिटलचे दर, कॉर्पोरेट टाय-अप, सशुल्क खाटांचं प्रमाण, ट्रस्टचे प्रसिद्ध होणारे हिशेब ही सगळी कागदपत्रं आतापासून जमवा, आणि मान्यतेचा कुठलाही अर्ज करण्याआधी त्या दिवशी नेमका कोणता कायदा लागू आहे हे कामगार वकिलाकडून लेखी घ्या.

आणि या सगळ्याच्या आधी एक काम. नोंदणी कार्यालयात जाऊन तुमच्या युनियनची वार्षिक विवरणपत्रं कुठल्या वर्षापर्यंत भरली आहेत ते बघा. ती थकली असतील तर निबंधक नोटीस देऊन नोंदणी रद्द करू शकतो, आणि बंद पडलेल्या युनियनच्या जुन्या पत्त्यावर आलेली नोटीस बहुतेक वेळा कुणी उघडतही नाही. निवृत्त झालेल्या खजिनदार सिस्टरना भेटा. सभासद रजिस्टर, मिनिट बुकं, जुने करार आणि पावत्यांचे गठ्ठे बहुधा त्यांच्याच घरी, माळ्यावर असतील. त्यांच्याकडून यादी करून, सही देऊन ते ताब्यात घ्या.